अकरा धडका

१

"काका, चहा आधी घ्या," सत्यम म्हणाला. "हे बघितल्यावर जायचा नाय."

काकासाहेब वाघचौरे यांनी चहा घेतला आणि पडद्यासमोर बसले. गुरुवारची सकाळ होती. गारखेड्यातल्या त्या इमारतीत खाली हार्डवेअरचं दुकान होतं आणि वर सत्यमचा सिम रेसिंग क्लब. सहा खुर्च्या, सहा स्टिअरिंग, सहा पडदे. पोरं इथं बसून गाड्यांच्या शर्यती खेळायची, आणि ज्यांच्या घरी सामान होतं ती घरून याच शर्यतीत येऊन मिसळायची. काकासाहेबांनी स्वतः जन्मात कसला गेम खेळला नव्हता. एसटीत अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. बस कुठं धडकली की चूक कुणाची, ते शोधायचं. हा माणूस पाकीट घेत नाही आणि तोंड बघून बोलत नाही, एवढ्या दोन दुर्गुणांवर सत्यमनं त्यांना क्लबचा पंच नेमलं होतं.

पडद्यावर बुधवारी दुपारची शर्यत सुरू झाली. पांढरी गाडी वळणावर आली, वळलीच नाही, आणि सरळ पुढच्या गाडीच्या कुशीत घुसली. पुढच्या फेरीत दुसरीच्या. दोन ते चार या वेळात पाच शर्यती झाल्या आणि त्यात अकरा धडका. पांढऱ्या गाडीवर नाव होतं मेघा खरात.

काकासाहेबांनी रस्त्यावर काय काय पाहिलं होतं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. पण त्या सगळ्यांत कुणाचा डोळा लागला होता, कुणाचा ब्रेक गेला होता, कुणी पिऊन बसला होता. बेत करून, एकेक सावज हेरून धडकणारा त्यांनी पाहिला नव्हता. रक्त नाही, काच नाही, तरी त्यांनी पडद्यावरून नजर काढली.

"गुण किती राहिले?" त्यांनी विचारलं.

"एक पूर्णांक नव्वद."

क्लबमध्ये प्रत्येकाला पाचपैकी सुरक्षेचे गुण असतात. नीट चालवलं की मुंगीच्या पावलानं वाढतात, कुणाला ठोकलं की धाडकन पडतात. मेघाचे बुधवारी सकाळी चार पूर्णांक बासष्ट होते. आणि हे गुण नुसते मिरवायचे नव्हते. शेंद्र्याच्या एका कंपनीला नव्या गाड्यांची चाचणी घेणारे चालक हवे होते. क्लबच्या यंदाच्या स्पर्धेतल्या पहिल्या दोघांना ती सहा महिने पगारी शिकवणार होती आणि पुढं नोकरीत घेणार होती. अट एकच, सुरक्षेचे गुण तीनच्या खाली नकोत. स्पर्धा संपली होती. ऋतुराज पहिला, मेघा दुसरी, सायली तिसरी. शनिवारी संध्याकाळी पाचला दोन नावं कंपनीला द्यायची होती.

जिन्यात चपला वाजल्या. मेघा दारात उभी होती, कपाळावर घाम, हातात ओढणीचं टोक. तिनं पडद्याकडं एकदाच पाहिलं.

"काका, ती मी नव्हते."

२

"बुधवारी कुठं होतीस?"

"पैठणला. कडूबाई मावशीकडं, आईसंगं. सकाळच्या एसटीनं गेलो, सहाला परत. मावशीच्या पैठणीच्या मागावर बसल्याचा फोटो दुपारीच ग्रुपवर टाकला व्हता."

"म्हणजे तू गावात नाहीस हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं."

मेघाची आई आवडाबाई एका शाळेत खिचडी शिजवायची. घरात चाकं म्हणाल तर सायकलचीही नव्हती. सत्यम तिला सकाळी झाडलोटीच्या बदल्यात फुकट खेळू द्यायचा, आणि पोरगी अशी चालवायची की अंगाला अंग घासेल एवढ्या जागेतून गाडी काढून नेई आणि दुसऱ्याला ओरखडा उठू देत नसे.

"पासवर्ड कुणाला दिला होता?"

"कुणालाच नाय. सायलीला सुदिक नाय."

"मग नियम सात काय म्हणतो?"

तिला पाठ होता. खात्यावरून जे घडेल त्याला खातेदार जबाबदार. दुसऱ्यानं केलं असेल तर तो दुसरा दाखवून द्यावा. नियम काकासाहेबांनीच लिहिला होता. आता तोच त्यांच्या घशात अडकला होता.

एवढ्यात इंद्रजीत औताडे आत आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर दुखवट्याला आल्याची कळा. औताडे मोटार ट्रेनिंग स्कूलचे मालक, क्लबमध्ये सगळ्यांत स्वच्छ. सुरक्षेचे गुण चार पूर्णांक नव्व्याण्णव. स्पर्धेत सहावे, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. तो आकडा त्यांनी स्कूलच्या पाटीवर माणसाएवढा रंगवून घेतला होता. मेघाही त्यांच्याचकडं गाडी शिकली होती.

"बेटा," ते म्हणाले, "कुणाला खातं दिलं असशील तर कबूल कर. मी काकांकडं शब्द टाकतो. शिक्षा कमी होईल."

"सर, मी नाय दिलं."

"बघ बाई. चूक कबूल करणं हीच पहिली सेफ्टी."

ते गेले. जाताना सूचनाफलकापाशी क्षणभर थांबले. तिथं मेघानं दहा दिवसांपूर्वी लिहून दिलेली, सुरक्षेच्या गुणांबद्दलची सूचना काकासाहेबांनी टाचून ठेवली होती. शनिवारच्या बैठकीत त्या सूचनेवर निर्णय व्हायचा होता.

सत्यमनं दरम्यान दुसरंच काहीतरी उघडलं होतं. "काका, कुठून खेळला ते कळत नाय. मोबाइलच्या नेटवरून आलाय, एवढंच. पण हे बघा. हिरवी रेघ ॲक्सिलरेटर, लाल ब्रेक, निळी क्लच. पाय कधी कुठं पडला, सगळं उतरतं."

काकासाहेब पुढं सरकले. त्यांना आता आपली वाट सापडल्यासारखं वाटलं. पहिली धडक. हिरवी रेघ वर, वर, आणि धडकेच्या अगदी आधी लाल आणि निळी दोन्ही एकदम उसळलेल्या. दुसरी धडक, तेच. अकराच्या अकरा वेळा तेच.

"ठोकायला निघालेला माणूस ब्रेक कशाला मारतो?" ते पुटपुटले.

"ते जाऊ द्या काका. ही निळी बघा. या गाड्यांचे गिअर बोटानं पडतात, क्लच लागतच नाय. आन् आपल्या खुर्च्यांना दोनच पेडल. क्लच हायच नाय इथं."

"मग कुणाकडं आहे?"

सत्यमनं दाराकडं पाहून आवाज उतरवला. "माझ्या माहितीत एकाकडंच. ऋतुराज."

३

ऋतुराज तनपुरेचं घर उल्कानगरीत. बापाची बांधकामं, पोराची वरची अख्खी खोली. मधोमध खुर्ची, तीन पडदे, आणि खाली चकचकीत तीन पेडल.

"काका, तुम्ही उगाच डोकं लावू राहिले," तो खुर्चीतून न उठता म्हणाला. "फुकट खेळणारी पोरगी. फुकटाची किंमत नसते ना, म्हणून ठोकल्या. अशा लोकांना वर घेतलं की असंच होतं."

"अशा म्हणजे कशा?"

"तुम्हाला कळतंय."

काकासाहेबांना कळत होतं, आणि म्हणूनच त्यांनी चहाचा कप टेबलावर तसाच ठेवला. ते खाली वाकले. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर झिजून गुळगुळीत झाले होते. डावीकडच्या क्लचवर कंपनीची प्लास्टिकची पिशवी अजून तशीच होती, धूळ बसलेली, आणि तिच्यावर त्यानं चार्जरची गुंडाळी ठेवली होती.

"हे कधी वापरत नाहीस?"

"काय करायचं? आमच्याकडं सगळ्या गाड्या ऑटोमॅटिक. मला क्लच माहीतच नाय."

काकासाहेब जिना उतरले. माणूस नासका होता, पण हे काम त्याचं नव्हतं. त्यांना या गोष्टीचं जरा वाईटच वाटलं.

सायली सिडकोत कॉलेजच्या कँटीनमध्ये भेटली. मेघा बाहेर पडली तर जागा तिचीच होती, त्यामुळं तिनं आडपडदा ठेवला नाही.

"खरं सांगू काका? कळलं तेव्हा मला बरं वाटलं. रात्री आईला पेढे आणायला सांगितले."

"मैत्रीण आहे ना तुझी?"

"हाय की. म्हणून तर तिच्यासमोर नाय खाल्ले."

काकासाहेबांना तिच्याकडं बघवेना. खोटं बोलणाऱ्यांत त्यांची हयात गेली होती. पण एवढं घाणेरडं खरं इतक्या सहज कुणी हातावर ठेवलं नव्हतं.

"तुझ्या घरी पेडल किती?"

"दोन. साधं सामान हाय माझं. आन् मला गाडी कुठं येते? स्कूटीच चालवते. मेघाच शिकली. दिवाळीनंतर रोज सकाळी औताडे सरांच्या गाडीत. लायसन मिळालं त्या दिवशी सरांच्या ऑफिसातल्या मशिनवर आपला खेळ चालवून दाखवला तिनं सरांना. लई खूश झाले व्हते सर."

"कसलं मशिन?"

"सिम्युलेटर हो. नव्या पोरांना रस्त्यावर न्यायच्या आधी त्याच्यावर बसवतात ना."

काकासाहेबांचा हात चष्म्यावर थांबला. "त्याला पेडल किती?"

"तीन. शिकायची गाडी म्हटल्यावर क्लच नको का?"

४

गुरुवारी दिवेलागणीपर्यंत काकासाहेबांनी इंद्रजीत औताड्यांच्या दोनशे शर्यतींच्या रेघा पाहिल्या. जुळवायला एक तरी धडक हवी होती. निदान एक तरी दचकून मारलेला ब्रेक. दोनशेत एकही नव्हता.

मग त्यांनी रेघा सोडल्या आणि शर्यती पाहिल्या. प्रत्येक शर्यतीत औताड्यांची गाडी शेवटून निघायची. सगळे पुढं गेले की मागून, एकटी, रिकाम्या रस्त्यावर. पुढं कुणी घसरलं तर हे लांबूनच थांबायचे. कुणाला मागं टाकलं नाही, कुणाच्या बाजूनं गेले नाहीत. प्रत्येक फेरीला गुण मात्र वाढत होते. देवळात पाऊल न टाकता पायरीवर बसून पुण्य मोजणारा माणूस. चार पूर्णांक नव्व्याण्णव म्हणजे काय ते काकासाहेबांना आता कळलं, आणि त्यांना त्या पाटीचीच शिसारी आली.

शुक्रवारी सकाळी ते स्कूलमध्ये हजर झाले.

"औताडे, मोतीबिंदूनंतर गाडी सुटली माझी. हात जरा बसवून द्या."

"आपलंच स्कूल आहे, काका." औताडे खुशीत आले.

बीड बायपासच्या पलीकडं शिकाऊंसाठी मोकळं मैदान होतं. काकासाहेब स्टिअरिंगवर, शेजारी औताडे. त्यांच्या पायांखाली शिकवणाऱ्याचे दोन जादा पेडल होते, क्लच आणि ब्रेक. बोलणं काकासाहेबांनी मेघावर नेलं.

"पोरगी वाया गेली म्हणायची."

"घाई, काका. या पोरांना घाई फार. मी तिला शंभरदा सांगितलं. उद्या कंपनीच्या अमृता मॅडम येणारच आहेत. माझ्या स्कूलला त्यांच्या सगळ्या नव्या चालकांचं प्राथमिक ट्रेनिंग देणार आहेत. चार पूर्णांक नव्व्याण्णव बघून प्रभावित झाल्या. शिस्तीला किंमत असते."

"तिच्या सूचनेचं काय करावं मग?"

"आता कुणी वाचेल का ती?" औताडे हसले. "अकरा गाड्या ठोकणारीनं सेफ्टी शिकवायची?"

मैदानाच्या टोकाला पत्र्याचा रिकामा ड्रम उभा होता. काकासाहेबांनी गाडी त्याच्याकडं वळवली. वेग वीसच्या आत होता. ड्रम जवळ आला, आणखी जवळ आला. काकासाहेबांचा पाय ॲक्सिलरेटरवरून हलला नाही.

"काका. काका, ब्रेक..."

खट्ट. गाडी ड्रमपासून वीतभर अंतरावर गचका देऊन थांबली. इंजिन मात्र बंद पडलं नव्हतं, ते मोकळं घरघरत होतं. औताड्यांना घाम फुटला होता.

काकासाहेबांनी ड्रमकडं पाहिलंच नव्हतं. त्यांची नजर सगळा वेळ औताड्यांच्या पायांवर होती.

ऑफिसात परतल्यावर औताडे फोनवर बोलत बाहेर गेले. कोपऱ्यात सिम्युलेटर होता. काकासाहेबांनी चष्मा नीट केला आणि पडद्यावरच्या क्लबच्या चित्रावर बोट ठेवलं. खिडकी उघडली. नावाच्या चौकटीत नाव आधीच भरलेलं होतं, आणि पासवर्डच्या चौकटीत काळे ठिपके.

मेघा खरात.

५

शनिवारी चारला क्लबमध्ये बसायला जागा नव्हती. कंपनीच्या अमृता मॅडम पुढच्या खुर्चीत, मांडीवर फाइल. ऋतुराज भिंतीला टेकून. सायली नवा ड्रेस घालून आली होती. मेघा दारापाशी उभी, शेजारी आवडाबाई, कामावरून तशीच आलेली.

काकासाहेब उठले आणि त्यांनी ड्रमचा किस्सा सांगितला. दोघंतिघं हसले.

"हसू नका," ते म्हणाले. "आपली गाडी आपण थांबवतो तेव्हा काय करतो? आधी ब्रेक. गाडी थांबत आली की शेवटी क्लच. एसटीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात, क्लच आधी दाबला तर गाडी मोकळी सुटते. मग क्लच आणि ब्रेक एकाच दमात कोण दाबतं? ज्याच्या शेजारी शिकाऊ बसलेला असतो आणि घाबरून त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर चिकटलेला असतो, तो. इंजिनाचा जोर तोडायचा आणि गाडी रोखायची, दोन्ही एकदम. दिवसातून दहादा. वर्षानुवर्षं."

सत्यमनं भिंतीवरच्या पडद्यावर रेघा लावल्या. अकरा धडका. अकरा वेळा लाल आणि निळी एकदम.

"याला ठोकायचं होतं. डोक्यानं ठरवलं होतं. पण समोर गाडी आली की पाय आपले आपणच उठले. त्यांना कुणी बेत सांगितलाच नव्हता." काकासाहेबांनी खिशातून फोन काढला आणि सिम्युलेटरवरच्या नावाचा फोटो मॅडमपुढं धरला. "लायसन मिळालं त्या दिवशी पोरीनं गुरुजींना खेळून दाखवलं. मशिननं पासवर्ड ठेवून घेतला. गुरुजींनी तो जपून ठेवला."

सगळ्यांची तोंडं वळली. औताडे उठले नाहीत.

"काका, काहीतरीच. माझ्या ऑफिसात दहा लोक येतात. आणि मला काय मिळणार होतं? मी सहावा आहे."

"हे मिळणार होतं." काकासाहेबांनी फलकावरचा कागद काढला आणि वाचला. "'शेजारी दुसरी गाडी नसताना मारलेल्या फेऱ्यांचे सुरक्षेचे गुण धरू नयेत. रिकाम्या रस्त्यावर कुणीही सुरक्षित असतो. मेघा खरात.' हा नियम झाला असता तर तुमच्या चार पूर्णांक नव्व्याण्णवातलं किती उरलं असतं, सत्यम?"

"मोजलं काका. शून्य पूर्णांक साठ."

"पाटी गेली असती. मॅडमचं ट्रेनिंगचं काम गेलं असतं. सूचना खोडता येत नव्हती, कारण ती बरोबर होती. म्हणून लिहिणारीलाच बरबटवलं. आणि दहा लोक येतात म्हणता, तर बुधवारी दुपारी दोन ते चार स्कूलला सुट्टी असते. तुमच्याच पाटीवर लिहिलंय. किल्ली कुणाकडं असते?"

औताड्यांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "खेळ आहे हो तो," ते शेवटी म्हणाले. "कुणी मेलं का? पत्र्याला पोचा आला का कुणाच्या?"

काकासाहेबांना वाटलं होतं राग येईल. राग आलाच नाही. अंगावरून पाल गेल्यावर होतं तसं झालं. शिकवताना या माणसानं तिचा हात धरून स्टिअरिंग वळवलं असेल, पहिल्यांदा चढावर गाडी नीट उचलली तेव्हा शाबासकी दिली असेल. आणि त्याच पोरीच्या नावाचा बुरखा घेऊन सुट्टीच्या दुपारी, कुलूप लावून, दोन तास हा एकेकाला ठोकत बसला होता. वर तिलाच कबुली द्यायला सांगत होता. चोर तो चोर, वर शिरजोर.

अमृता मॅडमनी घसा साफ केला. "वाघचौरे साहेब, मेघाचे गुण परत द्या, आमचं काही म्हणणं नाही. जागा तिचीच. पण यांचं नाव निर्णयात कशाला? 'तांत्रिक बिघाड' लिहा. आमच्या वरिष्ठांपर्यंत स्कूलची फाइल गेलेली आहे. सगळ्यांचंच बरं होईल."

"व्हय काका," ऋतुराज लगेच म्हणाला, "मिटवून टाका. क्लबचं नाव खराब होतं."

सायलीनं पायानं फरशी घासली. तिचे पेढे वाया गेले होते.

औताड्यांचा आवाज मऊ झाला. "काका, चाळीस पोरं शिकतात माझ्याकडं. पोटाचा प्रश्न आहे. मेघा, बेटा, तू सांग. मी तुला वाईट शिकवलं का?"

काकासाहेबांनी पेन उघडलं होतं, पण ते लिहीत नव्हते. ते मेघाकडं बघत होते. निर्णय त्यांचा होता. पण डाग तिच्या अंगावर पडला होता.

मेघा पुढं आली.

"नाय सर, लई चांगलं शिकवलं," ती म्हणाली. "पण बिघाड लिहिला तर लोक म्हणतील, पोरगीनंच ठोकल्या, क्लबनं पदराखाली घेतलं. माझी आई उद्या शाळेत तेच ऐकंल." ती काकासाहेबांकडं वळली. "पुरं नाव लिहा, काका."

काकासाहेबांनी लिहिलं. एसटीच्या अहवालात लिहीत तसं, बापाच्या नावासकट. इंद्रजीत पुंजाराम औताडे. मग उभं राहून मोठ्यानं वाचलं. मेघाचे गुण चार पूर्णांक बासष्ट कायम. औताडे क्लबमधून कायमचे बाद. मेघाची सूचना आजपासून नियम. औताडे कुणाकडं न बघता जिना उतरून गेले आणि वाटेत कुणीही त्यांना आडवं आलं नाही.

पाचला दहा कमी होते. अमृता मॅडमनी फाइल उघडली. पाच मिनिटांपूर्वी ही बाई सगळं झाकायला निघाली होती, हे तिच्या चेहऱ्यावर कुठं शिल्लकही नव्हतं. तिनं ऋतुराजचं नाव लिहिलं, खाली मेघाचं लिहिलं, आणि गोड हसली.

"अभिनंदन हं, मेघा. आम्हाला तुझ्यासारख्याच मुली हव्या असतात. सोमवारी सकाळी आठला गेटवर ये. सेफ्टी शूज मागवायचेत, पायाचं माप सांग."

मेघानं आईकडं पाहिलं. आवडाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मान हलवली.

"पाच नंबर," मेघा म्हणाली.